लो-कार्बमध्ये एलडीएल १८१ झालं: इसबगोलने किती खाली येईल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात माझी काही चूक होत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. वय ४१, सातपूरला कंपनीत शिफ्टची नोकरी. पाच महिन्यांपासून भात, पोळी, भाकरी, डाळी, साखर सगळं बंद. त्याऐवजी तूप घातलेली कॉफी, पनीर, चीज, अंडी, खोबरेल तेलातल्या भाज्या आणि रोज ताटभर सॅलड. वजन ८८ वरून ७७ वर आलं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४० चं ११८ झालं, एचडीएल (‘चांगलं’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३८ चं ४६. इथपर्यंत सगळे खूश. पण एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १२८ होतं ते १८१ झालं आणि डॉक्टर कोलेस्टेरॉलच्या गोळीचं बोलायला लागले. जिममधला मित्र म्हणाला, ‘इसबगोल सुरू कर, फायबर सगळं फॅट ओढून बाहेर काढतं, डाएट बदलायची गरज नाही.’ हे खरं आहे का, आणि सॅलड रोज खाऊनही फायबर कमी कसं पडलं, असं तुम्ही विचारताय.

सरळ उत्तर हे, की इसबगोलने एलडीएल उतरतं, त्यात शंका नाही. पण तुमचं जेवढं चढलंय तेवढं ते उतरवणार नाही. ५३ ने चढलंय, त्यातलं साधारण पाव हिश्श्याचं काम इसबगोल करेल. बाकीचं काम तुमच्या तुपाच्या बरणीपाशी आणि खोबरेलाच्या बाटलीपाशी आहे. आणि मित्राने सांगितलेलं कारण चुकीचं आहे. ते का चुकीचं, हे समजलं की इसबगोल कधी आणि कशासोबत घ्यायचं हेही आपोआप कळेल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मी नाशकात बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्या टेबलावर काचेचे दोन पेले कायम असतात. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन कोणी आलं की एका पेल्यात चमचाभर इसबगोल टाकते, दुसऱ्यात चमचाभर गव्हाचा कोंडा, दोन्हींत सारखंच पाणी, आणि मग आम्ही गप्पा मारतो. दहा मिनिटांनी इसबगोलाच्या पेल्यात चमचा ढवळायला गेलं की हाताला जड लागतं. पेला तिरका केला तर खळ केल्यासारखा गोळा सावकाश सरकतो. कोंडा मात्र तळाशी बसलेला असतो आणि वरचं पाणी पाण्यासारखंच वाहतं. दोन्ही पाकिटांवर ‘फायबर’ लिहिलेलं असतं. रक्तातल्या चरबीवर काम करतो तो पहिला पेला. दुसरा पोट साफ ठेवतो, आणि तेही काम मोठं आहे, पण एलडीएलकडे तो बघतही नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी स्वतः कोलेस्टेरॉलवाल्यांना पोळीच्या कणकेत कोंडा मिसळायला लावायचे. सकाळचा त्रास गेला म्हणून लोक आभार मानायचे आणि रिपोर्ट होता तिथेच राहायचा. त्यातून शिकले.

आता आत काय होतं ते बघू. आपण स्निग्ध खाल्लं की ते पचवायला पित्ताशयातून पित्तरस आतड्यात येतो. (‘मला पित्त झालंय’ म्हणतो ते पित्त नव्हे, हा यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस.) त्यातली पित्ताम्लं साबणासारखी तेलाचे बारीक थेंब करतात. ही पित्ताम्लं यकृत कशापासून बनवतं? कोलेस्टेरॉलपासून. शरीर कंजूष आहे, एवढी महाग वस्तू ते फेकत नाही. काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं परत शोषून यकृताकडे पाठवली जातात आणि तीच पुन्हा वापरली जातात. दिवसातून अशा कितीतरी फेऱ्या होतात.

इसबगोलासारखा चिकट तंतू, म्हणजे फायबर, या फेरीत अडथळा आणतो. त्याच्या गोळ्यात काही पित्ताम्लं अडकतात आणि परत न जाता शौचावाटे निघून जातात. मग यकृताला नवीन बनवावी लागतात. त्यासाठी कच्चा माल हवा, म्हणजे कोलेस्टेरॉल. ते मिळवायला यकृत आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतं आणि रक्तातून एलडीएल आत ओढून घेतं. हे रिसेप्टर शोधून त्यांचं काम उलगडल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. स्टॅटिन, म्हणजे आजच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, बाजारात येण्याच्या आधीपासून कोलेस्टायरामिन नावाची एक पावडर कोलेस्टेरॉलसाठी देत, तीही नेमकं हेच करते, फक्त जास्त जोरात. इसबगोल म्हणजे तिचा सौम्य भाऊ.

यात कुठेही फॅट ‘ओढून बाहेर’ जात नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. निरोगी आतडं खाल्लेल्या स्निग्धापैकी ९५ टक्क्यांहून जास्त शोषून घेतं. फायबर घेतल्यावर शौचातलं स्निग्ध किंचित वाढतं, पण ते एवढं थोडं असतं की त्याच्या जिवावर कोणी चार चमचे जास्त तूप खाऊ नये. खरंच फॅट शोषलं गेलं नसतं तर तुम्हाला ते कपड्यांवर कळलं असतं, यापेक्षा जास्त खोलात जात नाही. फायबर काम करतं ते पित्ताम्लांवर, आणि ती तुम्ही तूप खा किंवा न खा, आतड्यात असतातच. म्हणून इसबगोलाचा फायदा जास्त फॅटच्या आहारात जादूने वाढत नाही आणि कमी फॅटच्या आहारात नाहीसाही होत नाही.

इंटरनेटवर या विषयाचं वाचताना एक सावधगिरी बाळगा. ‘हाय-फॅट आहारावर फायबर दिलं आणि कोलेस्टेरॉल निम्मं झालं’ असं दिसलं की आधी पाहा, कोणाचं निम्मं झालं. बहुतेक वेळा उंदरांचं असतं. त्यांच्या खाद्यात चरबीसोबत वरून कोलेस्टेरॉल मिसळलेलं असतं, त्यामुळे आकडे आधीच आभाळाला टेकलेले असतात आणि उतरतानाही धाडकन उतरतात. शिवाय उंदराच्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असतं, आपल्यासारखं एलडीएलमध्ये नाही. पांढऱ्या रॅटला तर पित्ताशयच नसतं. त्यांच्याकडून यंत्रणा समजून घ्यावी. आकडे मात्र माणसांचेच धरावेत.

माणसांचे आकडे असे आहेत. १९९९ साली ६७ चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा विरघळणाऱ्या, म्हणजे पहिल्या पेल्यातल्यासारख्या तंतूंच्या दर ग्रॅममागे एलडीएल सुमारे २ ने उतरलेलं दिसलं. ट्रायग्लिसराइडमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. २०१८ साली फक्त इसबगोलाच्या २८ चाचण्या एकत्र केल्या. दिवसाला साधारण १० ग्रॅम इसबगोल घेतल्यावर एलडीएलमधली सरासरी घट १३ च्या आसपास होती. तुमचे १८१ वजा १३, म्हणजे १६८. हा सरासरीचा हिशोब आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत कोणाचं २५ ने उतरतं, कोणाचं ढिम्म हलत नाही.

तुमच्या ट्रायग्लिसराइडचं श्रेय फायबरला देऊ नका, तसंच फॅटलाही देऊ नका. साखर आणि स्टार्च कमी झाले, अकरा किलो वजन गेलं, त्यामुळे ते उतरलं. पोळी-भात-गोडाचा मारा असतो तेव्हा यकृत उरलेल्या साखरेची चरबी करून रक्तात सोडतं, ते थांबलं. ही तुमची खरी कमाई आहे आणि ती घालवायची नाही. म्हणून ‘सगळं बंद करा, परत पोळीवर या’ असं मी म्हणणार नाही. बरेच डॉक्टर असं म्हणतात, आणि मग रुग्ण घाबरून दोन्हीकडून जातो. तूपही सुटत नाही आणि पोळ्याही परत येतात.

तुमच्या रिपोर्टचा हिशोब मी करून पाहिला. बहुतेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. तुमचं एकूण २५१, त्यातून ४६ आणि सुमारे २४ गेले की १८१ उरतात. बरोबर आहे. पण त्याहून उपयोगी आकडा लॅबने तुमच्या कागदावर छापलाच नाही: एकूणमधून फक्त एचडीएल वजा करा. पूर्वी २१४ वजा ३८ म्हणजे १७६ होते, आता २५१ वजा ४६ म्हणजे २०५. रक्तवाहिनीच्या भिंतीत रुतू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल या आकड्यात येतं. ट्रायग्लिसराइड निम्म्यावर येऊनही हा आकडा वाढलाय. म्हणून ‘एचडीएल वाढलं ना, मग एलडीएल वाढलं तरी चालतं’ हे समाधान मला पटत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्ही लिहिल्या नाहीत आणि त्यांच्याशिवाय मी पुढचं ठामपणे सांगू शकत नाही. रक्त दिलं तेव्हा वजन अजून उतरत होतं का? भराभर वजन उतरत असताना काहींचं कोलेस्टेरॉल तात्पुरतं वर जातं आणि वजन स्थिर झाल्यावर चार-सहा आठवड्यांत खाली येतं. थायरॉइडची तपासणी कधी केली होती? थायरॉइड मंदावलेलं असेल तरी एलडीएल चढतं, आणि मग आपण उगीच तुपाला दोष देत बसतो. वडिलांना, काकांना, मोठ्या भावाला पंचावन्नच्या आत हार्ट अटॅक आलाय का? तसं असेल, किंवा पुढच्या तपासणीत एलडीएल १९० च्या वर गेलं, तर हा इसबगोलाचा विषय राहत नाही, डॉक्टर सांगतील ती गोळी घ्यावी. काहींच्या जनुकांतच एलडीएल उचलणारी यंत्रणा मंद असते. त्यांनी भेंडी-गवार कितीही खाल्ली तरी ती दुरुस्त होत नाही.

सॅलडचं बोलू. ताटभर सॅलड म्हणजे तुमच्या वर्णनानुसार काकडी, टोमॅटो, थोडा कांदा, दोन पानं लेट्यूस. दोनशे ग्रॅम धरलं तरी त्यात एकूण तंतू तीन-चार ग्रॅम, कारण बाकी सगळं पाणी. आणि त्यातला चिकट, विरघळणारा भाग अगदीच थोडा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातूनच घ्यावेत असं म्हणते. तुम्ही आधी जी दोन वेळची भाकरी, वरण, उसळ खात होता त्यातून पंचवीस-तीस ग्रॅम सहज मिळत होते. कार्ब काढले तेव्हा पिठासोबत तंतूही गेले, आणि त्यांच्या जागी जे आलं त्यात तंतू शून्य. तूप, लोणी, चीज, पनीर, अंडी, मटण यांत तंतू नसतातच. तंतू फक्त वनस्पतीत असतात. तुमच्या आहारात दोन बदल एकाच वेळी झाले: एलडीएल चढवणारं वाढलं आणि थोडंफार उतरवणारं गेलं. तुम्हाला पहिलाच बदल दिसतोय.

आता चढवणाऱ्याचा हिशोब. तुम्ही लिहिलेल्या मापांवरून दिवसाला साधारण ४० ग्रॅम तूप, २० ग्रॅम खोबरेल तेल, १०० ग्रॅम पनीर, ५० ग्रॅम चीज होतं. तुपात साठ टक्क्यांहून जास्त संपृक्त म्हणजे सॅच्युरेटेड फॅट असतं, खोबरेलात जवळजवळ नव्वद टक्के. सगळं मिळून तुमच्या पोटात रोज साठ ग्रॅमच्या वर सॅच्युरेटेड फॅट जातं. १८०० कॅलरीच्या आहारात ते २० ग्रॅमच्या आत असावं असं धरतात. म्हणजे तिप्पट. सॅच्युरेटेड फॅट यकृतावरच्या त्याच रिसेप्टरांचं काम मंदावतं, जे इसबगोलामुळे वाढतात. तुम्ही एकाच दाराला आतून कडी लावताय आणि बाहेरून ढकलताय.

इथेही सरासरी आकडे आहेत. दिवसाच्या ऊर्जेतला १ टक्का, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे २ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट काढून तेवढंच सूर्यफूल-करडईसारख्या तेलातलं असंपृक्त फॅट घेतलं, तर एलडीएल २ च्या आसपास उतरतं. समजा तुम्ही ४० ग्रॅम तुपातलं ३० ग्रॅम कमी केलं आणि खोबरेल पूर्ण बदललं. नव्या तेलातही थोडं सॅच्युरेटेड असतंच, ते वजा जाता सुमारे २९ ग्रॅम सॅच्युरेटेड कमी होईल. म्हणजे एलडीएलमध्ये पंचवीस ते तीसची घट, तीही फॅटचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवून, एकही पोळी न वाढवता. त्यावर इसबगोलाचे १३. दोन्ही मिळून तुम्ही १४० च्या आसपास येऊ शकता. हे नियम साध्या मिश्र आहारातून काढलेले आहेत. तुमच्यासारख्या अगदी कमी कार्बच्या आहारात काहींचं एलडीएल या हिशोबाच्या बाहेर उसळतं, विशेषतः सडपातळ आणि व्यायाम करणाऱ्यांचं. तसं झालं तर थोडे कार्ब परत आणावे लागतात. पण सुरुवात इथून.

तुपाच्या कॉफीबद्दल एक वाक्य: कॉफी उकळून, न गाळता पीत असाल तर तिच्यातल्या तेलकट अंशानेही एलडीएल थोडं वाढतं. कागदाच्या फिल्टरमधून गाळलेली किंवा इन्स्टंट घेतली तर तो प्रश्न येत नाही.

फॅट कमी न करता बदलायचं म्हटलं की लोक मला ऑलिव्ह आणि अॅव्होकॅडो विचारतात. मी त्यांना आजीचं फडताळ विचारते. जवसाची चटणी, कारळ्याची, तिळाची, शेंगदाण्याची. हे सगळं फॅटनेच भरलेलं आहे, शेंगदाण्यात तर निम्मं वजन तेलाचं असतं. पण त्या तेलाला साल चिकटलेली आहे, बी चिकटलेली आहे, म्हणून तंतू सोबतच येतात. जवस कुटलं की पोह्याच्या दोन चमच्यांतून चारेक ग्रॅम तंतू मिळतात. त्यातला काही भाग इसबगोलासारखाच बुळबुळीत असतो, आणि पचणारे कार्ब जवळजवळ नसतात. मात्र जवस भाजून कुटलेलंच हवं, अख्खं गिळलं तर बरंचसं जसंच्या तसं बाहेर येतं. कमी कार्बवाल्याला याहून सोयीचा पदार्थ मला माहीत नाही, आणि आमच्या पंचवटीच्या बाजारात तो किलोने मिळतो. भेंडी आणि गवार यांनाही विसरू नका. भेंडीच्या ज्या चिकटपणाला आपण नाकं मुरडतो तोच इथे कामाला येतो. गवारीच्या बियांपासून तर चिकट डिंकच काढतात. मेथ्या रात्री भिजवून सकाळी भाजीत टाकल्या तर त्यांचा चिकटपणाही मिळतो, कडूपणा सोसवत असेल तर.

नागलीची भाकरी परत सुरू करू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. सुरगाणा-पेठची नागली मला स्वतःला आवडते, त्यामुळे हे लिहिताना जरा जड जातंय: नागलीतले बहुतेक तंतू न विरघळणारे आहेत. पोटाला उत्तम, एलडीएलसाठी तिच्याकडून फार अपेक्षा नको. एलडीएलसाठी धान्यच खायचं असेल तर जव किंवा ओट्स, त्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या विरघळणाऱ्या तंतूमुळे. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स. एवढे कार्ब तुमच्या आहारात बसत नाहीत, म्हणून तुमच्यासाठी इसबगोल. ज्यांना कार्ब मोजायचे नाहीत त्यांनी मात्र आधी उसळी वाढवाव्यात. रोज वाटीभर शिजवलेली कडधान्यं खाल्ली तर एलडीएल ५ टक्क्यांच्या आसपास उतरतं, असं चाचण्यांत दिसलंय.

उसळीवरून आठवलं. रविवारी सकाळी मिसळीला गेल्याशिवाय नाशिककराचा आठवडा संपत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण लो-कार्बवाली मंडळी मिसळीचं जे करतात ते बघवत नाही. पाव नाही, फरसाण नाही, मटकी बाजूला काढलेली, आणि तर्रीच्या दोन वाट्या संपवलेल्या. अहो, त्या ताटात तुमच्या कामाची एकच गोष्ट होती, ती मोड आलेली मटकी! तर्रीत कुठलं तेल आहे हे तुम्हाला दिसतही नाही. महिन्यातून दोनदा जात असाल तर मटकी जास्त मागा आणि तर्री वरून शिंपडल्यासारखी घ्या. फोडणीवाला ओळखीचा असेल तर तो हसून का होईना, देतो.

आता इसबगोल कसं घ्यायचं. आपल्याकडे ते झोपताना कोमट पाण्यातून किंवा दुधातून घ्यायची पद्धत आहे, कारण आपण ते बद्धकोष्ठाचं औषध म्हणून ओळखतो. पोटासाठी ते ठीकच. पण पित्तरस आतड्यात येतो जेवणानंतर, म्हणून एलडीएलसाठी इसबगोल जेवणासोबतच हवं. जेवणात घेतलेलं आणि दोन जेवणांच्या मध्ये घेतलेलं, यांत फरक पडतो, हेही चाचण्यांत पाहिलं गेलंय. पहिला आठवडा दिवसाला एकदाच ३ ग्रॅम घ्या. चमच्यावर भरवसा ठेवू नका, भुसी हलकी असते, एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून मग चमचा ठरवा. पुढच्या आठवड्यात दोन वेळा ३ ग्रॅम, आणि तिसऱ्या आठवड्यापासून दोन मुख्य जेवणांसोबत ५-५ ग्रॅम. पहिल्याच दिवशी १० ग्रॅम घेतलं की पोट नगाऱ्यासारखं होतं आणि माणूस चौथ्या दिवशी ते कायमचं सोडतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कागदावर लाल पेनने लिहून देते.

प्रत्येक वेळी मोठा पेलाभर पाणी. ढवळून लगेच प्यायचं, नाहीतर माझ्या टेबलावरच्या पेल्यासारखं होईल. कोरडी भुसी तोंडात टाकून वरून घोट घेणारे लोक आहेत, तसं अजिबात करू नका, ती घशात फुगते. गिळायला त्रास होत असेल किंवा पूर्वी आतड्यात अडथळा झाला असेल तर इसबगोल तुमच्यासाठी नाही. शिफ्टच्या नोकरीत रात्रपाळीला पाणी कमी प्यायलं जातं, तेवढं सांभाळा. सेकंड शिफ्टला डबा रात्री आठला उघडत असाल तर इसबगोल तेव्हाच, घरी आल्यावर बाराला नाही.

गोळ्यांचं वेळापत्रक मात्र काटेकोर ठेवा. हा गोळा पित्ताम्लं जशी अडकवतो तशी औषधंही अडकवू शकतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका ताईंची थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं चांगली लागू पडत होती, अचानक टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) चढलं. डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात होते. बोलता बोलता कळलं, शेजारणीचं ऐकून त्या सकाळी त्या गोळीसोबतच इसबगोल घेत होत्या. इसबगोल दुपारच्या जेवणात नेलं आणि टीएसएच पुन्हा जाग्यावर आलं. तुमची कुठलीही गोळी चालू असेल तर तिच्यात आणि इसबगोलात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडची असेल तर चार तासांचं. आणि हे वाचणाऱ्या ज्यांना डायबेटिस आहे त्यांच्यासाठी: इन्सुलिन किंवा ग्लिफ्लोझिन गटातली (लघवीवाटे साखर बाहेर काढणारी) गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता कार्ब एकदम बंद करू नका. पहिल्यात शुगर घसरते. दुसऱ्यात शुगर ठीक दिसत असतानाही रक्त आम्ल होण्याचा धोका असतो.

क्रम असा ठेवा. थायरॉइडची तपासणी या आठवड्यात. तूप आणि खोबरेलाची अदलाबदल उद्यापासून, पनीर-चीज निम्मं, चटण्या आणि भेंडी-गवार ताटात. इसबगोल त्याच दिवशी सुरू केलंत तरी हरकत नाही. खरं तर एकेक बदल करून कशाने किती उतरलं ते पाहायला मला आवडतं, पण १८१ वर तेवढा निवांतपणा नको. वजन महिनाभर एका जागी राहू द्या, दोन किलोच्या आत-बाहेर चालेल. सात-आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने बारा तास उपाशी राहून तपासणी करा. जमलं तर सोबत अपो-बी (एलडीएलसारख्या कणांची संख्या सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, म्हणजे एलडीएलच्या हिशोबावर वाद राहणार नाही. डॉक्टरांना हे सगळं आधी सांगा, त्यांनी गोळी आत्ताच सुरू करायला सांगितली तर ती थांबवून हा प्रयोग करू नका, दोन्ही एकत्र चालतं.

रिपोर्ट आला की इथेच लिहा. आकड्यांसोबत रक्त दिलं त्या दिवशीचं वजन आणि इसबगोल कोणत्या जेवणासोबत घेत होतात, तेवढंही लिहा.